दिव्यांग विद्यार्थी आणि विद्यापीठातल्या शैक्षणिक सोयी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी स्वतः अल्पदृष्टी आहे. माझं पदवीपासून पुढचं सगळं शिक्षण लेखनिक (परीक्षेत मी सांगते ती उत्तरं लिहून देणारी व्यक्ती), मोठ्या टायपातल्या प्रती आणि ध्वनिमुद्रित पुस्तकं यांच्या आधारानं झालं. आता मी दिव्यांग विद्यार्थ्यांना त्यांचे अर्ज लिहायला मदत करते. खालचे प्रश्न दर सत्राच्या सुरुवातीला माझ्याकडे येतात आणि बहुतेक वेळा ते जरा दबक्या आवाजात विचारले जातात. हा दबकेपणा जावा म्हणून हे लिहिलंय. ‘दिव्यांग’ आणि ‘अपंग’ हे दोन्ही शब्द इथे येतील. पहिला कागदोपत्री चालतो, दुसरा आमच्यातले कितीतरी जण स्वतःसाठी वापरतात.

शैक्षणिक सोय म्हणजे नेमकं काय?

अभ्यासक्रम तोच, परीक्षाही तीच. तिथपर्यंत पोचण्याच्या वाटेत तुमच्या अपंगत्वामुळे जो अडथळा येतो, तेवढा बाजूला करणं म्हणजे सोय. प्रश्नपत्रिका ब्रेलमध्ये देणं ही सोय. प्रश्न सोपे करणं ही सोय नव्हे, आणि ते कुणी मागतही नाही. कायद्याच्या भाषेत हिला ‘वाजवी सोय’ म्हणतात.

आपल्याकडे याला सर्रास ‘सवलत’ म्हणतात. मला तो शब्द खटकतो. सवलत म्हणजे कमी किमतीत जास्त माल, आणि देणाऱ्याची मर्जी फिरली की ती बंद होते. ज्याला जिना चढता येत नाही त्याचा वर्ग तळमजल्यावर आणला, तर त्याला काहीच स्वस्तात मिळालेलं नसतं. अर्जात ‘सवलत मिळावी ही विनंती’ असं लिहिण्याऐवजी ‘खालील सोयींची आवश्यकता आहे’ असं लिहा.

मला कोणत्या सोयी मागता येतील?

या प्रश्नावर मी उलटा प्रश्न विचारते : दिवसभरात तुम्ही नेमके कुठे अडता? निदानाच्या नावावरून सोय ठरवू नका, अडथळ्यावरून ठरवा. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अध्ययन अक्षमता, असलेल्या दोन मुलींपैकी एक वाचताना अडते आणि तिला प्रश्न वाचून दाखवणारं कुणीतरी किंवा संगणकाचा आवाज लागतो. दुसरी वाचते बऱ्यापैकी, पण हाताने लिहिताना शब्द तुटतात, म्हणून तिला कीबोर्ड हवा असतो. दोघींच्या प्रमाणपत्रावर शब्द मात्र एकच.

प्रत्यक्षात दिल्या जाणाऱ्या सोयींचा पल्ला बराच मोठा आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, वाचक, वेगळी शांत खोली, घड्याळ थांबवून विश्रांती, मोठा टाइप, संगणकावर उत्तरं. वर्गात तासाचं ध्वनिमुद्रण, नोंदी घेऊन देणारा सहाध्यायी, आधी मिळणाऱ्या स्लाइड्स, पुढची जागा, सांकेतिक भाषेचा दुभाषी. एका सत्रात कमी विषय घेऊन पदवी जास्त वर्षांत पूर्ण करणं हीसुद्धा सोय आहे, आणि दीर्घ आजार असलेल्यांसाठी ती अनेकदा सगळ्यात मोलाची ठरते. यादीत नाव नाही म्हणून मागायचं थांबू नका. मधुमेह असलेल्या एका विद्यार्थ्याला फक्त परीक्षेच्या बाकावर ग्लुकोजच्या गोळ्या आणि मीटर ठेवायची परवानगी हवी होती. एका ओळीच्या पत्रानं त्याचं काम झालं.

याला कायद्याचा आधार आहे का?

आहे, आणि भक्कम आहे. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार डिसेंबर २००६ मध्ये संमत झाला. त्याच्या २४व्या कलमात उच्च शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे : इतरांच्या बरोबरीनं प्रवेश आणि त्यासाठी वाजवी सोय. याच कराराच्या दुसऱ्या कलमानुसार वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव ठरतो.

देशोदेशीच्या कायद्यांचे शब्द वेगळे असले तरी गाभा हाच. अमेरिकेत १९७३चा पुनर्वसन कायदा, त्याचं प्रसिद्ध ५०४वं कलम, आणि नंतर १९९०चा अपंगत्व कायदा. ब्रिटनमध्ये २०१०चा समता कायदा. तिथे विद्यार्थी दारात येण्याची वाट न बघता संस्थेनं आधीच विचार करून ठेवणं अपेक्षित आहे, आणि मला ही अपेक्षा फार योग्य वाटते. भारतात २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २१ प्रकारची अपंगत्वं मानतो आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखून ठेवतो. हा ४० टक्क्यांचा आकडा लोक सगळीकडेच लावतात. पण लेखनिक मिळण्यासाठी ती अट घालता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली सांगितलं. तो खटला ‘रायटर्स क्रॅम्प’ असलेल्या, म्हणजे लिहिताना हात आखडणाऱ्या एका परीक्षार्थीचा होता.

हे सगळं सुरू कसं झालं?

दृष्टी आणि श्रवण दोन्ही नसलेल्या हेलन केलर १९०४ साली रॅडक्लिफ कॉलेजातून पदवीधर झाल्या. वर्गातलं व्याख्यान त्यांच्या शिक्षिका अ‍ॅन सुलिव्हन त्यांच्या तळहातावर अक्षर अक्षर करून उमटवत. पण ती एका व्यक्तीनं दुसरीसाठी उचललेली मेहनत होती, संस्थेची व्यवस्था नव्हे. व्यवस्था उभी राहायला आणखी सहा दशकं गेली. पोलिओमुळे मानेखालचं जवळपास सगळं शरीर लुळं पडलेले एड रॉबर्ट्स १९६२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले आवारात दाखल झाले. रात्री ते लोखंडी फुप्फुसात, म्हणजे श्वास चालू ठेवणाऱ्या अवजड यंत्रात झोपत. ते यंत्र वसतिगृहात मावण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांची राहण्याची सोय आवारातल्या रुग्णालयात झाली. त्यांच्यामागून आणखी अपंग विद्यार्थी आले, एकत्र राहिले, आपल्या अडचणी एकमेकांशी बोलले आणि १९७० मध्ये तिथे अपंग विद्यार्थ्यांसाठीचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला. आज विद्यापीठात दिव्यांगांच्या सोयी पाहणाऱ्या ज्या कक्षाच्या दारात आपण अर्ज घेऊन उभे राहतो, त्याची मुळं अशा विद्यार्थ्यांनीच रुजवली आहेत.

शाळेत सगळं आपोआप मिळायचं. विद्यापीठात का नाही?

शाळेत आई-वडील आणि वर्गशिक्षक तुमच्या वतीनं बोलत असतात. विद्यापीठात तुम्ही प्रौढ असता आणि बोलायचं तुम्हालाच असतं. तुम्ही कळवल्याशिवाय संस्थेला कळत नाही, आणि शाळेतली सोय इथे तशीच्या तशी पुढे येईल याची खात्री नसते. शाळेचं मंजुरीपत्र मात्र जपून ठेवा. आधी ही सोय होती आणि तिचा उपयोग झाला, याचा तो चांगला पुरावा असतो.

पालकांना एक सांगते. अर्जाच्या भेटीला जरूर या, पण पहिली पाच मिनिटं मुला-मुलीला बोलू द्या. पुढची तीन-चार वर्षं त्यांना हे एकट्यानं करायचंय.

माझं अपंगत्व दिसत नाही. लोक विश्वास ठेवतील का?

अध्ययन अक्षमता, एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जाणं), स्वमग्नता, अपस्मार, तीव्र नैराश्य, संधिवात, सिकलसेल. यातलं काहीच चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं, आणि तरी यातल्या प्रत्येकासाठी सोय मागता येते. ‘पण तू तर ठीक दिसतेस’ हे वाक्य ऐकून खचलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. मलाही कॉलेजात एका परीक्षकानं विचारलं होतं, ‘चालत आलीस ना स्वतः, मग वाचता कसं येत नाही?’ मी गप्प राहिले. आज तसं कुणी विचारलं तर मी सांगीन की माझी अडचण तज्ज्ञानं तपासली आहे, कागद परीक्षा विभागात आहे आणि परीक्षागृहात ती पुन्हा तपासायची नसते.

कागदपत्रं कोणती लागतात?

अपंगत्वाचं प्रमाणपत्र किंवा तज्ज्ञाचा अहवाल. पण नुसतं निदान पुरत नाही. अहवालात तीन गोष्टी असाव्यात : काय आहे, त्यामुळे शिकताना आणि परीक्षा देताना काय अडतं, आणि त्यावर कोणती सोय सुचवली आहे. डॉक्टर बहुधा पहिली लिहितात आणि सही करतात. दुसरी आणि तिसरी तुम्ही मागून घ्या. ‘रुग्णास तीव्र संधिवात आहे’ यापेक्षा ‘सलग २० मिनिटांहून अधिक लिहिल्यास बोटं आखडतात, टंकलेखन शक्य आहे’ हे वाक्य शंभर पटींनी उपयोगी.

अर्ज कधी करायचा?

प्रवेश नक्की झाला की लगेच. ब्रेल प्रत तयार करायला, दुभाषी मिळायला, वर्गखोली बदलायला आठवडे जातात. परीक्षेच्या आदल्या दिवशी आलेला अर्ज मनात असूनही पुरा करता येत नाही. शिवाय सोय सहसा मागच्या तारखेनं लागू होत नाही. नापास झाल्यावर कागद आणला तर जुना निकाल क्वचितच बदलतो.

जे काही ठरेल ते लेखी घ्या. सर तोंडी ‘बघू, करू’ म्हणाले तर त्याच संध्याकाळी त्यांना ईमेल करा : ‘आज आपलं बोलणं झालं त्यानुसार...’ परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षक नवा असतो आणि त्याला कुणी काही सांगितलेलं नसतं. तेव्हा हातात मंजुरीपत्राची प्रत असावी. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून कागदाचीच.

जादा वेळ म्हणजे इतर विद्यार्थ्यांवर अन्याय नाही का?

हा प्रश्न वर्गमित्र विचारतात, प्राध्यापक विचारतात, आणि सगळ्यात जास्त अपंग विद्यार्थी स्वतःला विचारतात. म्हणून इथे जरा थांबते.

माझा एक प्रश्न सोडवण्याचा क्रम सांगते. लेखनिक प्रश्न वाचते. लांबलचक असेल तर मी तो पुन्हा वाचायला सांगते, कारण कागदावर नजर मागे नेण्याची मला सोय नाही. उत्तर मनात जुळवते. बोलते. ती लिहिते, आणि हाताचा वेग बोलण्याहून कमी असल्यामुळे मी थांबते. एखाद्या संज्ञेचं स्पेलिंग सांगते. शेवटी तिला ते वाचायला लावते, एक वाक्य बदलते, ती खोडते, पुन्हा लिहिते. डोळस विद्यार्थ्याचा यातला निम्माअधिक वेळ खर्चच होत नाही. भारतात ताशी किमान २० मिनिटं जादा देतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. ब्रिटनमध्ये २५ टक्के आणि अमेरिकेत दीडपट वेळ ही नेहमी दिसणारी प्रमाणं आहेत. तो वेळ या वाचण्या-ऐकण्या-थांबण्यातच जातो. विचार करायला मला इतरांइतकाच वेळ मिळतो.

पेपर ज्ञान तपासतोय की वेग, हे आधी ठरवावं लागतं. लघुलेखनाच्या परीक्षेत वेग हेच कौशल्य आहे, तिथे हिशेब वेगळा. इतिहासाच्या पेपरात नाही.

आणि जादा वेळ हे सगळ्या दुखण्यांवरचं औषध समजू नका. कार्यालयांना ते देणं सोपं जातं म्हणून सगळ्यांना तेच दिलं जातं. पाठीच्या कण्याचं दुखणं असलेल्याला चार तास बसवणं म्हणजे शिक्षाच. त्याला दर तासाला घड्याळ थांबवून दहा मिनिटं आडवं होऊ द्यायला हवं.

लेखनिक कसा निवडू?

संस्थेनं दिलेला किंवा तुम्ही आणलेला, दोन्ही पद्धती चालतात. नियम तपासा, कारण बहुतेक ठिकाणी लेखनिकाच्या शिक्षणाची पातळी आणि विषय यांवर अटी असतात. निवड कुणाचीही असो, परीक्षेआधी त्याच्याबरोबर निदान दोन पूर्ण पेपर लिहून बघा. उत्तर तोंडी सांगणं हे वेगळं कसब आहे. लिहिताना पुढचं वाक्य हाताबरोबर सुचत जातं. सांगताना अख्खा परिच्छेद आधी डोक्यात बांधावा लागतो.

माझा अर्थशास्त्राचा एक पेपर आठवतो. मी लेखनिकेला म्हणाले, ‘मागणीची रेषा काढ.’ तिनं रेषा काढली. घरी येताना तिनं सहज सांगितलं की रेषा वर चढती काढली होती. तिचा विषय वेगळा, तिला काय माहीत? चूक माझ्या सांगण्यात होती. नंतर मी असं सांगायला शिकले : ‘आडवी रेघ, तिच्याखाली “प्रमाण”. तिच्या डाव्या टोकावरून उभी रेघ, तिच्या बाजूला “किंमत”. आता डावीकडे वर सुरू होऊन उजवीकडे खाली उतरणारी रेषा.’ आकृत्या असलेल्या विषयांत हा सराव सोडू नका.

पुस्तकं मला वाचता येतील अशा रूपात मिळत नाहीत. काय करू?

वाचनयादी सत्राच्या आधी मागून घ्या आणि प्रत्येक मजकूर स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर, उघडून बघा. एनव्हीडीए हा २००६ पासून विकसित होत असलेला स्क्रीन रीडर मोफत आहे आणि मराठीही वाचतो.

दोन गोष्टी हमखास आडव्या येतात. पहिली म्हणजे पानांचे नुसते फोटो काढून बनवलेली पीडीएफ. डोळ्यांना ती पुस्तक वाटते, स्क्रीन रीडरला ते कोरं चित्र असतं. चाळीस पानं पुढे सरकतात आणि कानावर एक शब्द पडत नाही. अशा फाइलवर ओसीआर करून अक्षरं ओळखवून घ्यावी लागतात, आणि मराठीत जोडाक्षरं व अनुस्वार यांत चुका राहतात, म्हणून कुणीतरी एकदा तपासणं गरजेचं. दुसरी म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमधला मराठी मजकूर. पडद्यावर शुद्ध मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात भलतीच अक्षरं, आणि आवाज वाचतो अर्थहीन गडबड. विभागाला त्या फाइलचं युनिकोडमध्ये रूपांतर करून मागा.

‘कॉपीराइटमुळे प्रत देता येत नाही’ असं उत्तर मिळालं तर माराकेश कराराचं नाव घ्या. तो २०१३ मध्ये झाला आणि ३० सप्टेंबर २०१६ पासून अमलात आहे. अंध आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी सुगम प्रती बनवण्यास आणि त्या देशांच्या सीमेपलीकडे पाठवण्यास तो वाट करून देतो. त्याला मान्यता देणारा भारत हा पहिला देश होता.

मला ऐकू येत नाही. पुढे बसलं की भागतं का?

नाही. ओठ वाचून सगळं कळतं हा मोठाच गैरसमज आहे. ‘पार’, ‘बार’ आणि ‘मार’ आरशासमोर आवाज न काढता म्हणून बघा, तिन्हींना ओठ सारखेच हलतात. त्यात शिक्षक फळ्याकडे वळून बोलले की तेही गेलं.

सांकेतिक भाषा येत असेल तर दुभाषी मागा. लांब तासाला दोन दुभाषी लागतात, कारण साधारण वीस-तीस मिनिटांनी अदलाबदल केली नाही तर अचूकता घसरते. सांकेतिक भाषा येत नसेल तर माणसानं टंकलेली थेट कॅप्शन, म्हणजे बोलणं चालू असतानाच पडद्यावर उमटणारा मजकूर. आपोआप बनणारी कॅप्शन गप्पांना ठीक, पण नेमक्या पारिभाषिक शब्दांवरच ती चुकतात आणि तेच शब्द परीक्षेत येतात.

प्रयोगशाळा आणि क्षेत्रभेटीचं काय?

व्हीलचेअरवरून वापरता येईल अशा उंचीचं टेबल, बोलणारा तापमापक किंवा तराजू, हाताचं काम करणारा सहायक. सहायक तुमच्या सूचनेप्रमाणे करतो, निर्णय तुमचा. क्षेत्रभेटीचं ठिकाण आधी कळवा असं सांगा, म्हणजे बस आणि स्वच्छतागृह यांची व्यवस्था वेळेत होते. ‘तू येऊ नकोस, गुण देऊन टाकतो’ ही सोय नव्हे. ते शिकणं हिरावून घेणं आहे, आणि बोलणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी ते मान्य करू नका.

माझं दुखणं मधूनमधून उसळतं. हजेरी आणि मुदतीचं काय?

लवचिक हजेरी आणि मुदतवाढ मागता येते, पण अमर्याद नाही. किती तास, किती दिवस, आधी कळवायचं की नंतर, हे सत्राच्या सुरुवातीलाच ठरवून घ्या. रुग्णसेवेसारख्या अभ्यासक्रमांत हजर राहणं हाच शिक्षणाचा भाग असतो, तिथे मर्यादा अधिक कडक असतात.

प्राध्यापकांना माझं निदान सांगावं लागतं का?

साधारणपणे नाही. अहवाल सोयी पाहणाऱ्या कक्षाकडे राहतो. शिक्षकाला फक्त कोणती सोय द्यायची एवढं कळतं. काही जण स्वतःहून सांगतात आणि त्यानं नातं मोकळं होतं. पण भर वर्गात ‘अपंगांनी हात वर करा’ असं कुणी म्हणालं तर उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही.

गुणपत्रिकेवर याचा उल्लेख येतो का?

यायला नको. आला असेल तर लेखी हरकत घ्या. पेपर तोच दिलेला असतो आणि गुण तुमचे असतात.

अर्ज नाकारला तर?

लेखी कारण मागा. नकाराला टिकणारी कारणं मुख्यतः दोनच : ती सोय संस्थेवर अवाजवी बोजा टाकते, किंवा तिच्यामुळे अभ्यासक्रमाचा गाभाच बदलतो. ‘आजवर कुणी मागितलं नाही’ आणि ‘आमच्याकडे माणूस नाही’ यांपैकी एकही त्यात बसत नाही. कारण वाजवी असलं तरी चर्चा संपत नाही, तोच अडथळा दूर करणारा दुसरा मार्ग विचारा. मग तक्रार निवारण समिती. तिथेही काम झालं नाही तर बाहेरची यंत्रणा असते : भारतात दिव्यांग व्यक्तींसाठीचे राज्य आयुक्त, अमेरिकेत शिक्षण खात्याचं नागरी हक्क कार्यालय, इंग्लंड आणि वेल्समध्ये विद्यार्थ्यांच्या तक्रारी पाहणारं स्वतंत्र निवाडा कार्यालय.

हात मोडलाय, सहा आठवड्यांचं प्लास्टर आहे. मलाही मागता येईल?

हो, विचारा. कायद्यानं ते अपंगत्व ठरेलच असं नाही, पण तात्पुरत्या दुखापतीसाठी लेखनिक देण्याचे नियम बऱ्याच संस्थांत असतात.

मी शिकवतो. माझ्याकडून काय व्हावं?

फळ्यावर लिहाल ते मोठ्यानं म्हणा. ‘हे इथून तिकडे नेलं’ याऐवजी ‘क्ष उजव्या बाजूला नेला’ म्हणा. स्लाइड्स आदल्या दिवशी द्या. कॅप्शन नसलेला व्हिडिओ दाखवू नका. आणि विद्यार्थी मंजुरीपत्र घेऊन आला की ते वाचून ‘यातलं कसं करूया?’ एवढं विचारा. या एका वाक्यानं त्याचं अख्खं सत्र सोपं होतं.

मला लेखनिक म्हणून मदत करायची आहे. काय लक्षात ठेवू?

उत्तर चुकीचं वाटलं तरी सांगितलं तेच लिहा. सुचवू नका, भुवया उंचावू नका, सुस्कारा टाकू नका. समोरच्याला दिसत नसलं तरी तुमच्या श्वासावरून कळतं. प्रश्न वाचताना त्याचे गुण आणि ‘किंवा’ कुठे आहे ते न विसरता सांगा. किती वेळ उरला हे कितीदा सांगायचं ते आधी विचारून घ्या. पेपर संपला की उत्तरपत्रिका पहिल्या पानापासून वाचून दाखवा, पुरवण्या क्रमानं बांधल्या आहेत ना ते बघा, आणि आसन क्रमांक एकेक आकडा मोठ्यानं म्हणत पुन्हा तपासा.